ताकूला केसला झाली

रविवारी सकाळी साडेसातला मनोहररावांनी पहिली शिट्टी फुंकली आणि नागपूरच्या मोहननगरातल्या चांदेकरांच्या घरात अंथरुणं गोळा व्हायला लागली.

शिट्टी खरी होती, रेल्वेची. मालगाडीचे गार्ड म्हणून तीस वर्षं ती त्यांच्या खिशात राहिली. पासष्ट साली निवृत्त झाल्यावर तिच्यावाचून करमेना, म्हणून त्यांनी ती घरच्या उपासनेच्या कामाला लावली. पहिली शिट्टी म्हणजे उठा. दुसरी म्हणजे तोंड धुऊन चटईवर या. तिसरीनंतर जो चटईवर नसेल त्याच्या आत्म्यासाठी नाव घेऊन प्रार्थना होई, आणि मनोहररावांचा आवाज असा, की ती प्रार्थना देवाच्या आधी शेजाऱ्यांना ऐकू जाई. त्यामुळे मुलगा विश्वनाथ एका गालाला साबण लावलेला का असेना, तिसऱ्या शिट्टीला हजर असे.

आज तर घर भरलेलं होतं. विश्वनाथच्या दोन महिन्यांच्या मुलीचा बाप्तिस्मा दहाच्या उपासनेत व्हायचा होता. त्यासाठी मनोहररावांची थोरली बहीण मीराबाई सावनेरहून कालच येऊन दाखल झाली होती, आणि आल्या आल्या तिने पाळण्याची दिशा, स्वयंपाकघरातली मांडणी आणि सुनेचं अंबाड्याचं वळण बदलून टाकलं होतं. सून एस्तेर बाळाला मांडीवर घेऊन दाराशी बसली होती. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं आणि तेव्हापासून विश्वनाथही इथूनच रोज खापरखेड्याच्या वीज केंद्रात कामाला जात होता.

मनोहररावांच्या पत्नी सुमतीबाई नेहमीच्या जागी भिंतीला टेकून बसल्या आणि मनातल्या मनात म्हणाल्या, प्रभू, आज तरी.

मनोहररावांनी चष्मा लावला. मांडीवर शास्त्र उघडलं, खुणेची फीत बाजूला केली, ओळीवर बोट ठेवलं आणि घसा साफ केला.

"हतनाला चिचोंद झाला," त्यांनी भारदस्त आवाजात वाचलं. "चिचोंदाला मूलतयाह झाला. मूलतयाहाला जौल झाला, अन् जौलाला आमलियाह."

सुमतीबाईंनी डोळे मिटले. म्हणजे गाडी पुन्हा इटारसीकडे निघाली होती.

चौथा अध्याय उघडल्याला आज एकेचाळिसावा दिवस. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात वंशावळीचे अध्याय नऊ आहेत. रोज एक अध्याय, काही गाळायचं नाही, हा या घरचा नियम. म्हणजे चौथ्यापासून सातव्या दिवशी वंशावळ संपून लढाया सुरू व्हायला हव्या होत्या. पण चाळीस दिवस झाले तरी याला तो होतच होता आणि त्याला हा होतच होता, आणि चटईवरच्या एकाही शहाण्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. विश्वनाथ डोळे उघडे ठेवून झोपायला शिकला होता. एस्तेर बाळाकडे बघत असे. मीराबाई कालच आलेली, पण तीही ऐकत नव्हतीच. ती प्रत्येक नावाला मान हलवून आपण हे सगळं आधीच जाणतो एवढंच दाखवत होती.

सुमतीबाईंना मात्र पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्या दिवशी गोधनाला कळम झाला होता. कळमाला मेटपांजर झाला तेव्हा त्यांनी दचकून नवऱ्याकडे पाहिलं, तर त्यांचं बोट ओळीवर नव्हतंच. दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत फिरत होतं. नागपूर ते इटारसी मार्गावरची बारकी बारकी स्टेशनं सुमतीबाईंना तोंडपाठ होती. कारण मालगाडीला मेल गाडीसारखा मान नाही. तिला जो तो बाजूला उभी करतो. तीस वर्षं नवरा घरी आला की जेवताना तेच सांगायचा, आज धाराखोहला चार तास काढले, आज पोलापत्थरला माकडांनी डबा नेला. माणूस जेवढं आपल्या नातेवाइकांबद्दल बोलत नाही तेवढं हे स्टेशनांबद्दल बोलले होते. आता त्यांच्या नावाचं 'पूर' नि 'खेडा' कापून, कुठे 'याह' चिकटवून, त्यांनी अख्खी लाइन यहूदाच्या वंशात घातली होती. बैतूलला तर काहीच करावं लागलं नाही. बेथुएल शास्त्रात आहेच.

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. सुमतीबाईंना ते कळून चुकलं होतं. पण बोलायचं कसं? रेल्वेत डोळ्यांच्या तपासणीत जो नापास होतो त्याला गाडीवरून उतरवतात, ही धास्ती मनोहररावांनी तीस वर्षं बाळगली होती आणि एकदाही न उतरता ते निवृत्त झाले होते. त्या गोष्टीचा त्यांना मुलापेक्षाही जास्त अभिमान. महिन्यापूर्वी सुमतीबाईंनी आपलेच डोळे दुखत असल्याचं सोंग करून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. तिथे आधीच्या पेशंटने भिंतीवरच्या तक्त्यावरली अक्षरं वाचली ती यांनी ऐकून ठेवली आणि आपल्या पाळीला धडाधड म्हणून दाखवली. डॉक्टरांनी पाठ थोपटली. आणि सुमतीबाईंना फुकटचा चष्मा लागला.

लाज राखायची म्हणून त्या गप्प राहिल्या. पण त्या गप्प राहण्याने त्यांच्यावर उपास आला होता. खरंच उपास. सकाळच्या वाचनातला एखादा शब्द त्या पदराला गाठ मारल्यासारखा जपायच्या. तांदूळ निवडताना, नळावर उभ्या असताना तो मनात घोळवायच्या आणि संध्याकाळपर्यंत तो त्यांना पुरायचा. सासू गेली तेव्हा, विश्वनाथला विषमज्वर झाला तेव्हा, असाच एकेक शब्द त्यांना धरून उभं ठेवून गेला होता. आता एकेचाळीस दिवस त्या चिचोंडा आणि जौलखेड्यावर दिवस काढत होत्या. स्वतः वाचावं, तर त्यांचं वाचन बोट ठेवून, अक्षराला अक्षर जोडत चाले. लग्नानंतर नवऱ्यानेच याच पुस्तकावर त्यांना अक्षरं शिकवली होती. पण एकदा मीराबाईने ते ऐकलं आणि म्हणाली, "ही वाचून राहिली का दळून राहिली?" त्याला तीस वर्षं झाली. तेव्हापासून सुमतीबाईंनी चारचौघांत पुस्तक हातात धरलं नव्हतं.

वाचन संपलं. प्रार्थना झाली. सगळे उठायच्या बेतात असताना एस्तेर म्हणाली, "बाबा, नाव ठरलं."

"कोणाचं?" विश्वनाथ जागा होत म्हणाला.

"कोणाचं म्हणजे? आपल्या पोरीचं. मी मुद्दाम आजपर्यंत सांगितलं नाही. फक्त आत्याबाईंना सांगितलं, अन् पाळकसाहेबांना." एस्तेरचा चेहरा फुलला होता. "बाळंतपणानंतर मी पहिल्यांदा चटईवर येऊन बसली ना, त्या सकाळी बाबांनी वाचलं. सारे झाला, झाला, झाला चाललं होतं, अन् एकदम, ताकूला केसला झाली! झाली म्हणाले बाबा. एवढ्या सगळ्या पोरांमध्ये एक पोरगी. माझ्या अंगावर काटाच आला. मी म्हटलं, हे माझ्यासाठीच वचन आहे. केसला!"

सुमतीबाईंच्या हातातली चटईची गुंडाळी सुटली. मनोहरराव चष्मा पुसायला लागले. पुसून झालेला चष्मा त्यांनी पुन्हा पुसला.

केसला म्हणजे इटारसीच्या अलीकडचं स्टेशन. एक खोली, एक घंटा आणि सभोवती सागाचं रान.

"केसला?" विश्वनाथ ओरडला. "बह्याड झाली का वं तू? शाळेत पोट्ट्या तिचे केस ओढतीन! केसला, केस दे, केसला, तेल लाव! मी रंजना ठरवलं आहे."

"रंजना शास्त्रात नाही," मीराबाई म्हणाली.

"विश्वनाथ तरी कुठं आहे?"

"म्हणूनच तू असा निघाला." मीराबाईने विषय तिथेच संपवला. "केसला चांगलं नाव आहे. मले माहीत आहे ना. शलमोन राजाच्या चुलतघराण्यातली. मोठी धार्मिक बाई होती. पाण्याच्या विहिरीवर उभी राहायची."

मीराबाईला काही माहीत नसल्याचा प्रसंग सावनेर तालुक्यात कुणी पाहिला नव्हता. एस्तेरने मोठ्या कौतुकाने तिच्याकडे पाहिलं. कालपासून अंबाड्यावरून दोघींचं फाटलं होतं, ते एका केसलेपायी असं जुळलं की मीराबाईने आपण होऊन बाळाला मांडीवर घेतलं.

"अहो," सुमतीबाई हळूच नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही काही बोला ना."

"काय बोलू?" मनोहरराव खालच्या आवाजात म्हणाले आणि चष्मा मिटून खिशात ठेवला. मग तो काढून पुन्हा लावला.

तेवढ्यात फाटक वाजलं. पाळक देवराव तिडके सायकल टेकवून आत आले. तरुण माणूस, धर्मशिक्षण संपवून आठ महिन्यांपूर्वीच मंडळीत आलेला. पाळकाची गळपट्टी अजून मानेला काचत होती.

"सलाम, सलाम! तयारी झाली ना?"

"या पाळकसाहेब, बरं झालं आले तुम्ही," मीराबाईने त्यांना खुर्ची दिली. "ह्या विश्वनाथले सांगा जरा. केसला कोण होती?"

पाळकसाहेब खुर्चीत अर्धे बसले होते, ते तसेच थांबले. काल एस्तेरने नाव सांगितलं तेव्हापासून त्यांनी रात्रभर पुस्तकं चाळली होती आणि केसला त्यांना कुठेही सापडली नव्हती. पण एवढ्या जुन्या, वाचनाबद्दल ख्याती असलेल्या घरात जाऊन 'मला माहीत नाही' म्हणायचं? त्यांनी पूर्ण बसून घेतलं.

"केसला," ते म्हणाले. "हो. हो. त्याचं असं आहे, की मूळ इब्री भाषेत त्याचा अर्थ... देवाची शांत कृपा असा होतो."

"शांत!" एस्तेर म्हणाली. "अन् ही रडतच नाही जास्त!"

"ऐकलं?" मीराबाई विश्वनाथला म्हणाली. "इब्रीत आहे."

विश्वनाथ मात्र आता पेटला होता. नावाचं निमित्त झालं. बरंच काही कोंडलेलं होतं ते बाहेर आलं. "मी खरं सांगू? मले हे सगळंच पटत नाही. तिकडं खापरखेड्यात आम्ही वीज बनवून राहिलो, अन् इथं रोज सकाळी कोणाले कोण झाला तेच ऐकून राहिलो. मेलेल्या माणसांची यादी! त्यातून आज मले काय भेटते, सांगा ना? दाढी अर्धी राहते, बस हुकते. रविवारी देवळात जातो ना आपण? तेवढं पुरे. रोजचं बंद करा."

एरवी अशा बोलण्यावर मनोहररावांनी विश्वनाथला उभा आडवा घेतला असता. आज त्यांनी नुसती शिट्टी खिशात घातली.

"बंद?" मीराबाई कडाडली. "शास्त्र जुनं झालं म्हणते हा! अरे, त्याच शास्त्रातून तुझ्या पोरीले नाव भेटलं, अर्थासकट!"

"ठीक आहे आत्या." विश्वनाथने ताडकन मांडी घातली. "दाखवा मले केसला पुस्तकात. दाखवली, तर पोरीचं नाव केसला, अन् मी जन्मभर पहिल्या शिट्टीले चटईवर. नाही दाखवली, तर उद्यापासून शिट्टी बंद, वाचन बंद. पाळकसाहेब साक्षी."

"मंजूर!" मीराबाई म्हणाली. कुणाला विचारायचा प्रश्नच तिला पडला नाही.

पाळकसाहेबांनी गळपट्टीत बोट घातलं.

केसला पुस्तकात नव्हती. म्हणजे उद्यापासून चटई अंथरली जाणार नव्हती. स्टेशनं का असेनात, चटई होती तोवर कधीतरी खरं वचन परत येईल ही सुमतीबाईंना आशा होती. ती मीराबाईने एका शब्दात उधळून दिली.

"काढ गा मनोहर," मीराबाईने शास्त्र भावापुढे सरकवलं. "दाखव ह्याले."

मनोहररावांनी पुस्तक घेतलं. पानं उलटली. एक मागे, दोन पुढे. नाकाजवळ नेलं, लांब धरलं. विश्वनाथ बघत होता. एस्तेर बघत होती. सुमतीबाईंना ते पाहवेना.

"द्या इकडं," त्या म्हणाल्या. "मी वाचते."

"तू?" मीराबाई म्हणाली.

"हाव. मी."

सुमतीबाईंनी पुस्तक मांडीवर घेतलं. फीत चौथ्या अध्यायावर होती. एकेचाळीस दिवस ती तिथेच होती. याच पानावर त्यांच्या नवऱ्याचे डोळे थकले असणार. त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"य... यहू... यहूदाचे पुत्र," त्यांनी वाचलं. "पे... पेरेस. हे... हेस... हेस्रोन."

मीराबाईने सुस्कारा टाकला. भिंतीवरच्या घड्याळात नऊ झाले. कर्मी झाला, हूर झाला, शोबाल झाला. सुमतीबाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या, पण बोट पुढे सरकत होतं. विश्वनाथने एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि मग कधी नव्हे ते आईकडे पाहत राहिला. आई वाचते हे त्याला बत्तीस वर्षांत माहीत नव्हतं.

"थांब वं," मनोहरराव एकदम म्हणाले.

सुमतीबाईंनी बोट तिथेच ठेवून वर पाहिलं.

"नको शोधू. केसला या पुस्तकात नाही." त्यांनी चष्मा काढला. "ताकूच्या पुढं आहे. मग किरतगड. मग इटारसी."

आधी कुणालाच कळलं नाही. मग विश्वनाथच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "बाबा... स्टेशन?"

"स्टेशन."

"अन् ताकू?"

"तेही स्टेशन."

"मूलतयाह?"

"मुलताई," मनोहरराव म्हणाले. "मले दिसत नाही गा. दिवाळीपासून एक अक्षर दिसत नाही."

"अन् आमलियाह म्हणजे आमला?" विश्वनाथ ओरडला. "आमल्याले मी समोसा खाल्ला आहे!" आणि त्याला हसू फुटलं ते थांबेना. तो चटईवर आडवा झाला. एस्तेर तोंडाला पदर लावून हसता हसता रडकुंडीला आली, कारण एवढं अंगावर काटा आणणारं वचन शेवटी मालगाडीतून आलं होतं. बाळ दचकून रडायला लागलं. शांत कृपा बरीच मोठ्याने रडत होती.

"अन् आत्या, ती विहिरीवर कोण उभी राहायची?" विश्वनाथने डोळे पुसत विचारलं.

"राहत असेन कोणी," मीराबाई म्हणाली. "स्टेशनावर विहीर नसते का?"

सगळ्यांच्या नजरा पाळकसाहेबांकडे वळल्या. त्यांचे कान लाल झाले होते. "मी खोटं बोललो," ते म्हणाले. "मला वाटलं, एवढ्या घरात मलाच तेवढं माहीत नाही." मग त्यांनी आणखी कसनुसं तोंड केलं. "आणि एक अडचण आहे. नाव मी कालच मंडळीच्या रजिस्टरात शाईने लिहून टाकलं. तिथे खाडाखोड चालत नाही."

"म्हणजे?" एस्तेर म्हणाली.

"म्हणजे केसलाच."

विश्वनाथ पुन्हा हसायला लागला होता, पण बापाकडे पाहून थांबला. मनोहरराव हसत नव्हते. ते चष्म्याची काडी उघडत होते आणि मिटत होते.

"मनोहर," मीराबाईचा आवाज पहिल्यांदा खाली आला, "अरे, एवढी स्तोत्रं तुले पाठ आहेत. तीच म्हणायची होती. ही स्टेशनं काहून?"

"स्तोत्रं पुढं आहेत," मनोहरराव म्हणाले. "आपण इतिहासात होतो. मधली स्टेशनं सोडून गाडी नेता येत नाही, बाई. अन् दिसत नाही म्हणून सांगितलं असतं, तर तुम्ही मले उतरवलं असतं. मी म्हटलं, शब्द नाही तर नाही, निदान लोक तरी चटईवर बसून राहतीन."

विश्वनाथने मान खाली घातली. पण पैजेचं काय ते त्याच्या मनातून गेलं नव्हतं. तो हळूच म्हणाला, "बाबा, डोळ्यांचं ऑपरेशन करू आपण. मी सुट्टी काढतो. पण आता तरी रोजचं हे राहू द्या. तुम्हाले दिसत नाही, अन् आम्ही ऐकत नाही. चाळीस दिवस कोणाले पत्ता लागला नाही! कोणाचं काही अडलं का?"

"माझं अडलं," सुमतीबाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज चढला होता. या घरात तो चढतो हे भिंतींनाही नवीन होतं.

"माझं अडलं ना! मले पहिल्याच दिवशी समजलं. एकेचाळीस दिवस मी उपाशी आहे. तुम्ही सारे जेवून राहिले, हसून राहिले, अन् मी रोज ह्या चटईवर येऊन उपाशी उठून राहिली. कोणाचं अडलं म्हणतो? तुले विषमज्वर होता तेव्हा मी काय खाऊन उभी होती, माहीत आहे तुले? ह्याच पुस्तकातलं. मेलेल्या माणसांची यादी म्हणतो! तू ऐकली तरी आहे का यादी?"

"आई, मी..."

"चूप बस. माझं बोट सुटून जाईन."

बोट सुटलं नव्हतं. एवढ्या गोंधळात ते शोबालाच्या पुढे तसंच दाबून धरलेलं होतं. सुमतीबाईंनी डोळे पुसले, मान खाली घातली आणि तिथून पुढे दळायला घेतलं. होय, दळायलाच. एक नाव, मग दुसरं. एस्तेरने बाळाला थोपटून गप्प केलं. पाळकसाहेब गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. मनोहरराव डोळे मिटून होते. कुठे सुमतीबाई अडखळल्या की ते हलक्या आवाजात ते नाव पुरवत होते, आणि मीराबाई आता मान हलवत नव्हती.

मग नावं एकाएकी थांबली.

सुमतीबाई चपापल्या. बोट मागे नेऊन त्यांनी ती ओळ पुन्हा जुळवली. नावांच्या त्या गर्दीत एका माणसापाशी पुस्तक थबकलं होतं. याबेस. याचा बाप कोण, मुलगा कोण, काही नाही. त्याच्या आईने त्याचं ते नाव ठेवलं, कारण त्याला जन्म देताना तिला फार यातना झाल्या होत्या. एवढंच आईबद्दल. मग त्या मुलाने मोठेपणी देवाला हाक मारली होती. मला आशीर्वाद दे, माझी जागा वाढव, तुझा हात माझ्यावर असू दे, मला दुःख होऊ देऊ नकोस, असं त्याने मागितलं होतं. आणि त्याने मागितलं ते देवाने त्याला दिलं होतं. सुमतीबाईंनी हे सगळं तुकड्या तुकड्यांनी वाचलं. प्रत्येक तुकड्यापाशी थांबावं लागत होतं, म्हणून प्रत्येक तुकडा खोलीत बराच वेळ राहत होता.

एस्तेर बाळाकडे बघत होती. दोन दिवस आणि एक रात्र तिला कळा आल्या होत्या, आणि त्याबद्दल नंतर कुणी तिला एक शब्दही विचारला नव्हता. पेढे वाटण्यात सगळे गुंतले होते.

"हे लिहून ठेवलं आहे?" ती म्हणाली. "तिले दुखलं ते? एवढ्या मोठ्या पुस्तकात?"

"हाव. हे बघ," सुमतीबाईंनी बोटाखालची जागा तिला दाखवली.

एस्तेरच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिने ते पुसलं नाही. चाळीस दिवसांनी सुमतीबाईंच्या पोटात घास उतरला होता, आणि पहिल्यांदाच त्या एकट्या जेवत नव्हत्या.

बाहेर देवळाची पहिली घंटा झाली. पाळकसाहेब दचकून उठले. "अरे, निघायला हवं. मंडळी जमली असेल." मीराबाईने पदर सावरला, मनोहररावांनी काठी चाचपली.

विश्वनाथ मात्र चटईवरून हलला नाही.

"आई," तो म्हणाला, "त्या माणसाचं पुढं काय झालं?"

सुमतीबाईंनी खालच्या ओळी बोटाने चाचपल्या. "पुढं काही नाही दिलं, बेटा. पुढं परत नावंच आहेत."

"मग नावं वाच."